पंखा ओढतो कुठून?

तळघरात रेडॉन निघाला की आपल्या व्यवसायात पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती सीएफएमचा पंखा बसवायचा? स्वयंपाकघरातला धूर, न्हाणीघरातली वाफ, पार्किंगमधला मोटारींचा धूर यांनी आपल्याला ही सवय लावली आहे. तिथे दूषण खोलीतच तयार होते, म्हणून घनफळ काढायचे, तासाला किती हवापालट हवेत ते ठरवायचे आणि पंखा निवडायचा. रेडॉन मात्र खोलीत तयार होत नाही. जमिनीतल्या युरेनियमच्या साखळीतल्या रेडियमपासून तो सुटतो. त्याचे अर्धायुष्य 3.8 दिवस आहे, म्हणजे मातीतून वाट काढत जोत्याखाली पोचायला त्याला पुरेसा अवधी मिळतो. तिथून तो घरात येतो, कारण घर त्याला ओढून घेते. आणि ओढण्याच्या या कामाला आपणच बसवलेला पंखा हातभार लावू शकतो. या क्षेत्रातल्या बऱ्याच फसलेल्या कामांचे मूळ इथे आहे, म्हणून या महिन्यात थोडे विस्ताराने.

पेनसिल्व्हेनियातल्या जानेवारीतले दुमजली घर घ्या. आत 20 अंश, बाहेर उणे 10. आतली उबदार हवा हलकी, ती वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा खालून येणारी हवा घेते. तापमानातला हा 30 अंशांचा फरक आणि दाब जिथे समतोल होतो त्या पातळीपासून तळघराच्या लादीपर्यंतचे तीन मीटर अंतर धरले, तर लादीजवळचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण 4 पास्कलने कमी भरतो. मॅनोमीटरवर हे पाण्याचे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. पण लादी आणि भिंत यांच्यामधली फट, सम्पचा खड्डा, पाइपांभोवतीची भोके यांतून जमिनीतला वायू वर खेचायला तेवढे पुरते. आता याच तळघराच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा लावला की 4 पास्कलचे 8 किंवा 10 होऊ शकतात. काही हवा बाहेरून येईल, काही वरच्या मजल्यावरून, आणि काही थेट लादीखालून. पंखा फिरतोय, हवा बाहेर जातेय, घरमालक समाधानी आहे, आणि रेडॉन होता तेवढाच किंवा जास्त. त्यातच तळघरात चिमणीवर चालणारा गॅसचा बंब किंवा फर्नेस असेल तर चिमणीचा ओढा उलटून कार्बन मोनॉक्साइड घरात येण्याची भीती वेगळीच.

यावर आक्षेप येईल की मग बाहेरची भरपूर हवा आत घ्या, आपोआप विरळ होईल. तत्त्व चूक नाही, हिशेब मात्र परवडत नाही. रेडॉन येण्याचा वेग तोच राहिला असे मानले तर हवापालट दुप्पट केल्यावर प्रमाण निम्मे होते. लिटरमागे 20 पिकोक्युरीवरून 2 वर यायचे तर हवापालट दहापट हवा. तासाला 0.35 हवापालट असलेल्या घरात तो 3.5 करायचा, आणि ती सगळी हवा उणे 10 वरून 20 अंशांपर्यंत तापवायची! पहिले बिल आल्यावर घरमालक पंखा बंद करील. उष्णता परत मिळवणारी संतुलित वायुवीजन यंत्रणा हा यातला सभ्य मार्ग. ती दाब बिघडवत नाही. घर घट्ट बांधलेले असेल आणि प्रमाण मर्यादेच्या थोडेच वर असेल, तर आम्ही तिला नाही म्हणणार नाही. पण तिचा आत घेण्याच्या बाजूचा फिल्टर तुंबला की तीही साधा एक्झॉस्ट पंखाच होते, आणि फिल्टर बदलतो कोण?

योग्य पंखा तोच, जो खोलीतली हवा ओढत नाही, लादीखालची ओढतो. लादीला भोक पाडायचे, खालची थोडी खडी-माती काढून पोकळी करायची, त्यात तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप उतरवून कड पक्की बुजवायची, पाइप छताच्या वर न्यायचा आणि पंखा बाहेर किंवा माळ्यावर बसवायचा. तळघरात कधीच नाही, कारण पंख्याच्या पुढच्या पाइपात दाब जास्त असतो आणि एखादा सांधा सुटला तर गोळा केलेला रेडॉन आपणच घरात सोडू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शिकेत या पद्धतीने होणारी घट 50 ते 99 टक्के दिली आहे. हा पल्ला एवढा मोठा का, याचे उत्तर लादीखाली आहे. खडीचा सलग थर असेल तर एका भोकातला ओढा चारही कोपऱ्यांत पोचतो. चिकणमाती असेल तर दोन-तीन मीटरांवर विरतो. ते आधी तपासता येते : एका भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, दूरच्या कोपऱ्यांत ड्रिलने बारीक छिद्रे पाडायची आणि त्यांवर धूर धरायचा. धूर छिद्रात शिरला तर ओढा पोचला, वर उसळला तर दुसरे भोक पाडा. या कामाला उदबत्तीही चालते. अर्ध्या तासाची ही तपासणी वगळून थेट मोठा पंखा लावणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे.

फटी बुजवल्या तर पंखाच लागणार नाही, असेही काही जण सुचवतात. घर बसत जाते, काँक्रीट आकसते, नव्या भेगा पडतात. बुजवणे हवेच, पण पंख्याने खोलीची तापवलेली हवा ओढू नये म्हणून. उलट दिशेने, तळघरात हवा भरून दाब वाढवण्याचा उपाय तळघर घट्ट असेल तर लागू पडतो. मात्र जिन्याचे दार उघडे राहिले की दाब गेला, आणि हिवाळ्यात आतली दमट हवा भिंतींत शिरून ओल धरते.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे : खाणकामगारांच्या आकड्यांवरून घरांतला धोका फुगवला गेला, असा. काही काळ त्यात तथ्य होते. 1984 च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पात स्टॅन्ली वॅट्रस हे अभियंते किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्रावर पुन्हा पुन्हा पकडले गेले. प्रकल्पाची वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती. दूषण त्यांच्या घरात होते, लिटरमागे सुमारे 2,700 पिकोक्युरी, म्हणजे घनमीटरला जवळपास एक लाख बेकरेल. असल्या टोकाच्या घरावरून सामान्य घराचा धोका ठरवता येत नाही, हे खरेच. पण 2005 मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या 13 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे 7,148 रुग्ण होते, आणि तुलनेला 14,208 माणसे. दर 100 बेकरेलमागे धोका सुमारे 16 टक्क्यांनी वाढतो आणि अमुक पातळीखाली तो नाहीच असे दिसत नाही, हा त्याचा निष्कर्ष. हे घरांतलेच आकडे आहेत, खाणींतले नव्हेत. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत मूळ धोकाच मोठा, म्हणून ही वाढही मोठी. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये 100 बेकरेलची संदर्भपातळी सुचवली, ती जमत नसेल तर 300 च्या वर नको असे सांगितले. अमेरिकेची कृतिपातळी 4 पिकोक्युरी, म्हणजे 148 बेकरेल. या आकड्यांसमोर 60 वॉटचा पंखा वर्षभर अखंड चालवायला लागणारी 525 युनिट वीज महाग म्हणवत नाही.

आपल्याकडच्या दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम कमी आणि खिडक्या उघड्या, त्यामुळे इथल्या वाचकाला हा विषय परका वाटेल. पण पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत अमेरिकेतल्या इमारतींचे वायुवीजनाचे आराखडे तयार होतात. वॅट्रस यांच्या घराखालचा युरेनियमयुक्त खडकांचा पट्टा पुढे न्यूजर्सीत जातो, आणि त्या राज्यात मराठी कुटुंबे थोडी नाहीत. आराखड्यात ‘तळघर – एक्झॉस्ट’ एवढे लिहून मोकळे होणारा हात आपलाही असू शकतो.

म्हणून एक विनंती. आराखड्यावर पंख्याच्या क्षमतेशेजारी दोन रकाने रिकामे ठेवा. पहिला पाइपावरच्या यू-नळीतल्या रंगीत द्रवाच्या फरकाचा. दोन्ही बाजू एका पातळीत दिसल्या तर पंखा फिरत असो वा नसो, ओढा नाही. दुसरा, पंखा सुरू करून 24 तास उलटल्यावर आणि 30 दिवसांच्या आत, दारे-खिडक्या बंद ठेवून घेतलेल्या रेडॉनच्या मोजणीचा. हे दोन रकाने भरेपर्यंत बिल पाठवू नका.