जर-तरची तारीख चुकते आहे

कारखाने आणि आगगाड्या येण्याआधीच जपानचं साम्राज्य कोरियातून चीनपर्यंत पसरलं असतं तर काय झालं असतं, हा पर्यायी इतिहासाच्या शौकिनांचा लाडका प्रश्न. आपल्याकडे त्याची जागा पानिपताने घेतली आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये तर मराठे ती लढाई जिंकलेलेच आहेत. या खेळात एक गोष्ट सहसा गृहीत धरली जाते : निर्णायक लढाईचा निकाल फिरला की पुढचा इतिहास फिरतो. रायपुरात राहून हे पटणं जड जातं, कारण छत्तीसगढ मराठ्यांनी जिंकलंच होतं, आणि तेही फारसं न लढता.

१७४१ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या वाटेवर असताना छत्तीसगढातल्या रतनपूरवर चालून आला. हैहयवंशी राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकात होता. त्याने नावापुरताच प्रतिकार केला. काही शतकं जुनं राज्य जवळपास जाता जाता हाती आलं आणि पुढे काही वर्षांत रायपूरची शाखाही संपली. खुद्द भास्करपंत १७४४ मध्ये बंगालात अलीवर्दीखानाच्या दग्याला बळी पडला, तरी भोसल्यांनी १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळवली. म्हणजे अनुकूल ‘तर’ कल्पनेने रचायची गरजच नाही. नागपूरपासून कटकपर्यंतचा सलग पट्टा पन्नासेक वर्षं प्रत्यक्षात होता.

आता जपानकडे पाहू. १५९२ मध्ये तिथल्या सत्ताधीश हिदेयोशीने दीड लाखांहून अधिक सैन्य कोरियात उतरवलं आणि तीन आठवड्यांत राजधानी घेतली. बंदुका होत्या, मुरलेले सैनिक होते. पण कोरियाच्या यी सुन-शिनच्या आरमाराने समुद्रावरची रसद तोडली, गावोगावच्या लोकांनी हत्यारं उचलली, चीनची फौज मदतीला आली आणि १५९८ मध्ये हिदेयोशी वारल्यावर सगळं सैन्य परतलं. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी त्याच जपानमधल्या सात्सुमा या एका सरदार घराण्याने जेमतेम तीन हजार माणसांनिशी र्‍युक्यू बेटं घेतली, आणि ती अडीच शतकांहून अधिक काळ टिकवली. त्यांनी तिथला राजा गादीवर ठेवला, चीनशी चाललेला त्याचा नजराण्याचा व्यवहारही चालू दिला. सात्सुमाने हे दयेपोटी केलं नाही. त्या व्यापारात त्याला आपला वाटा हवा होता. पण यंत्रयुगाआधीचं साम्राज्य कशावर तगतं ते यातून कळतं. दूरवर फौज बसवून ठेवणं परवडत नसे, म्हणून जिंकलेल्या मुलखातल्या कुणाला तरी नव्या सत्तेत हितसंबंध असावे लागत.

छत्तीसगढात हे घडू शकलं असतं, याचा पुरावा रघूजींचा मुलगा बिंबाजी भोसले. १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा माणूस रतनपुरातच राहिला. नागपूरचं वर्चस्व नावाला. दरबार आणि फौज त्याची स्वतःची. रतनपूरच्या रामटेकडीवरचं राममंदिर त्याचं, रायपूरच्या दूधाधारी मठालाही त्याचा आश्रय होता. मोडी लिपी, मराठीतला कारभार, दसऱ्याला सोनं वाटण्याची चाल, हे सारं इथे त्याच्या काळात रुजलं. त्याच्या मागे त्याचे पुतणे व्यंकोजी भोसल्यांनी मुक्काम नागपुरातच ठेवला आणि प्रांत सुभेदारांच्या हाती दिला. सुभेदारी जवळपास मक्त्यासारखी दिली जाई. ठरलेली रक्कम नागपूरला पोचली की पुरे. इंग्रजी अंमल येईपर्यंत, म्हणजे १८१८ पर्यंतच्या ३१ वर्षांत आठ सुभेदार झाले. त्यांतल्या विठ्ठलराव दिनकराने जुनी गढांची, म्हणजे महसुली विभागांची, व्यवस्था मोडून परगणे केले आणि त्यांवर कमाविसदार नेमले. हिशोबाला ते सोयीचं झालं; पण गढांमधल्या जुन्या दिवाण-दाऊंचं, म्हणजे स्थानिक कारभाऱ्यांचं, वजन त्यात गेलं. माझ्या मते इथल्या जर-तरचा खरा फाटा १७८७ चा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : इंग्रजांपुढे काहीच टिकलं नसतं, मग फाटा कुठला का असेना. पण १८०३ मध्ये भोसल्यांविरुद्ध अडगाव आणि गाविलगड जिंकणारी ईस्ट इंडिया कंपनी वाफेच्या बळावर लढत नव्हती. कवायती शिपाई, बैलांवरची रसद आणि बंगालचा नियमित महसूल, एवढंच तिचं भांडवल. शिवाय त्या युद्धाअखेरच्या देवगावच्या तहाच्या सुमारास ओडिशातल्या संबळपूर-पाटणा भागातले राजे कंपनीशी करार करून बसले होते आणि भोसल्यांकडे परतायची त्यांची इच्छा नव्हती. हे दुरावणं तोफांनी घडवलेलं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सुभेदारांच्या जुलमाचं चित्र मुख्यतः अ‍ॅग्न्यूसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगवलं, आणि आपला अंमल उजळ दिसावा हा त्यांचा स्वार्थ होताच. बिंबाजीही काही संत नव्हता. वसुली त्यानेही केली, आणि त्याचं कौतुक मराठी माणसाने केलं की ऐकणाऱ्याने ते थोडं सावधपणेच घ्यावं. हे सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट उरते. महसूल कुठे खर्च झाला, हा प्रश्न जुलमाच्या वर्णनावर अवलंबून नाही. बिंबाजीच्या काळात दरबार, देवळं, शिपाई इथेच होते, म्हणून पैसाही बराचसा इथेच फिरे. १७८७ नंतर तो प्रामुख्याने नागपूरकडे वाहू लागला.

तेव्हा पानिपताऐवजी असा जर-तर मांडून पाहावा : बिंबाजीनंतर रतनपूरच्या वाड्यात दुसरा भोसला राहायला आला असता, गढांचे दिवाण त्याच्या दरबारात बसले असते, तर १८०३ मध्ये कंपनीला पूर्वेकडून इतकी मोकळी वाट मिळाली असती का? कदाचित कंपनी तरीही जिंकली असती. पण मग कंपनीला भोसल्यांखेरीज तिथल्या राजांशीही लढावं लागलं असतं.