गोदामाची किल्ली कुणाकडे?

न्हावा-शेव्याला उतरलेल्या कंटेनरवर मालकाचं नाव शोधायला जाऊ नका. तिथे नुसता नंबर असतो. माल कुणाचा ते ठरतं बीएलवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर. पेटी द्रोणागिरीच्या यार्डात पडून असते आणि तेवढ्यात तिचा कागद एका व्यापाऱ्याकडून बँकेकडे, बँकेकडून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे हिंडून येतो. शेवटी ज्याच्या हाती अस्सल बीएल, तो ती शिपिंग लाइनकडे जमा करतो, डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर घेतो, कस्टमचं उरकतो आणि मगच पेटी गेटबाहेर पडते. जमा झालेला कागद तिथेच संपला. क्लिअरिंगच्या कामातल्या उरणच्या कुठल्याही पोराला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्याच पोरांपैकी काहींच्या मोबाइलमध्ये आता ‘रॅप्ड बिटकॉइन’ असतं. ते काय, विचारलं तर म्हणतात, ‘बिटकॉइनच हो, फक्त गुंडाळलेलं.’

माझा आक्षेप त्या ‘फक्त’ला आहे.

बिटकॉइन आपल्या साखळीबाहेर, म्हणजे ब्लॉकचेनबाहेर, जात नाही. कर्ज देण्याघेण्याचे, अदलाबदलीचे बरेचसे उद्योग चालतात इथेरियम या दुसऱ्या साखळीवर, आणि तिथे मूळ बिटकॉइनला प्रवेश नाही. यावर तोडगा म्हणून जानेवारी २०१९मध्ये ‘डब्ल्यूबीटीसी’ म्हणजे रॅप्ड बिटकॉइन हे टोकन आलं. बिटगो नावाची अमेरिकी कंपनी खरी बिटकॉइन ठेवून घ्यायची आणि तेवढीच टोकनं इथेरियमवर निघायची. मूळ नाणं परत हवं असेल तर टोकन नष्ट करायचं, म्हणजे नाणं सुटतं. बीएल जमा करून पेटी सोडवण्याचीच ही रीत. साध्या धारकाला थेट गोदामाच्या दारात उभं राहता येत नाही, हे मात्र वेगळं. टोकन छापून घेणं आणि मोडणं नोंदणीकृत ‘मर्चंट’च करतात, बाकीच्यांनी ते बाजारात विकायचं, मिळेल त्या भावाला.

म्हणजे ज्याच्या हातात हे टोकन आहे त्याच्याकडे बिटकॉइन नाही, बिटकॉइनवरचा हक्क आहे. तो हक्क किती पक्का, हे गोदामवाल्यावर ठरतं. ऑगस्ट २०२४मध्ये बिटगोने जाहीर केलं, की आता ठेवीचा ताबा क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांच्याशी संबंधित असलेल्या ‘बिट ग्लोबल’बरोबर वाटून घेणार. बिटकॉइन होतं तसंच होतं, टोकनही तेच. तरीही बाजारात कुजबुज सुरू झाली. कॉइनबेस या एक्स्चेंजने सप्टेंबरमध्ये स्वतःचं वेगळं गुंडाळलेलं बिटकॉइन काढलं आणि डिसेंबरमध्ये डब्ल्यूबीटीसीची खरेदी-विक्री आपल्याकडे बंद केली. (कॉइनबेसचं स्वतःचं दुकान त्यात होतंच, तेव्हा निव्वळ तत्त्वासाठी झालं असं समजू नये.)

साखळीवरची नोंद उघडी असते, ठेवीतली नाणी कुणीही मोजावीत, असं या धंद्यातले लोक अभिमानाने सांगतात. खरं आहे, आणि कागदी बीएलपेक्षा ते चांगलंही आहे. पण त्या नोंदीत नाणी दिसतात, किल्ली कुणाच्या खिशात आहे ते दिसत नाही.

सगळी वेष्टनं सारखीही नसतात. इथेरियमवरच्या ‘रॅप्ड इथर’मध्ये (इथर हे तिथलं मूळ नाणं) राखणदार माणूस नाहीच. नाणी एका उघड्या प्रोग्रॅममध्ये पडतात, मोडायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यात मला फारशी भीती दिसत नाही. पण सोलाना या आणखी एका साखळीवर, साखळ्या जोडणाऱ्या वर्महोल या पुलाचंही एक गुंडाळलेलं इथर होतं, नाव जवळपास तेच. २ फेब्रुवारी २०२२ला चोराने तिथली सही तपासण्याची व्यवस्था चकवली आणि काहीही जमा न करता १ लाख २० हजार टोकनं छापून घेतली. किंमत ३२ कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे पेटी आलेलीच नाही आणि बीएल मात्र हातात! दुसऱ्या दिवशी जंप क्रिप्टो या कंपनीने तेवढं इथर आपल्या खिशातून भरलं म्हणून धारक वाचले. तसं करायला ते बांधील होते असं मात्र नाही.

हे आभासी जगातलं वेड आहे, असं म्हणून हसणाऱ्यांना मी मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजची आठवण करून देतो. ३१ जुलै २०१३ला तिथले व्यवहार थांबले आणि सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. मागे गोदामातला माल आहे, या भरवशावर लोकांनी पैसे घातले होते. प्रत्यक्षात कित्येक गोदामांत तेवढा माल निघालाच नाही. ब्लॉकचेन नव्हती, बिटकॉइन नव्हतं. मराठी मध्यमवर्गाला नीट समजणारी साखर, एरंडी, लोकर, असलाच माल होता.

त्या प्रकरणानंतर निदान एवढं झालं, की वायदे बाजार आयोग २०१५मध्ये सेबीत विलीन झाला आणि कुणाला जाब विचारायचा हे ठरलं. गुंडाळलेल्या टोकनांबाबत आपल्याकडे तेवढंही नाही. क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२पासून ३० टक्के कर आहे, विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. मार्च २०२३पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदाही लागू आहे. पैसा कुठून आला हे सरकार विचारतं, नफ्यातला वाटा घेतं. टोकनमागचं नाणं जागेवर आहे का, हे भारतीय धारकाच्या वतीने तपासणं कुणाचंच काम नाही. आणि ते नसल्याचं उघडकीला येऊन टोकन मातीमोल भावाने विकावं लागलं, तर तो तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायलाही कायद्याची मनाई आहे.