गेलेल्या दातांचा जमाखर्च

माणसाला मोतीबिंदू झाला तर त्याच्यासाठी गावोगाव शिबिरे भरतात, हाड मोडले तर घरातली माणसे प्रसंगी दागिना गहाण ठेवून त्याला शहरातल्या इस्पितळात नेतात. परंतु तोंडातले दात एकामागून एक गेले आणि अन्न चावण्याची शक्तीच नाहीशी झाली, तर त्या हानीला आपण हानी म्हणून मोजतच नाही, ‘वय झाले’ एवढे म्हणून तिची बोळवण करतो. याचा परिणाम असा झाला आहे की, कृत्रिम दात बसविण्याचा सारा व्यवहार, ज्याच्यापाशी पैसा आहे त्याच्या हौसेचा आणि ज्याच्यापाशी नाही त्याच्या नशिबाचा, असा समजला जातो. माझे म्हणणे असे की, कृत्रिम दात ही गरज आहे, चैन नव्हे; आणि ती गरज म्हणून एकदा मान्य केली, म्हणजे तिच्या खर्चाचा हिशेब दंतवैद्याने रुग्णापुढे आणि शासनाने नागरिकापुढे आजच्यापेक्षा निराळ्या रीतीने मांडावा लागेल.

दात गेल्याने काय जाते, हे आपल्या ताटाकडे पाहिले तरी कळते. ज्वारीची वा बाजरीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, उसळीतले हरभरे, गाजर, पेरू, काकडी, हे ज्या अन्नाला आपण पौष्टिक म्हणतो ते बहुतेक सारे दाढांनी चावावे लागते; आणि दाढा नसलेला वृद्ध मनुष्य मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी आणि चहात बुडविलेले बिस्किट यांवर येऊन ठेपतो, म्हणजे ज्या वयात प्रथिनांची व तंतुमय पदार्थांची निकड अधिक, त्याच वयात तो केवळ पिष्टमय आहारावर राहतो. मधुमेहाच्या रुग्णाला तर या आहाराचा अपाय दुहेरी होतो, कारण मधुमेह हिरड्यांचा रोग बळावून दात पाडतो आणि दात पडल्यामुळे पत्करावा लागणारा आहार मधुमेहाला पोसतो. खेड्यांतून मशेरी लावणाऱ्या आणि तंबाखू चघळणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या हिरड्यांची अवस्था आणखी बिकट असते.

खर्चाचा विचार एका दाढेपासून सुरू करू. खालच्या जबड्यातील पहिली मोठी दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. ती कोणताही दुधाचा दात पडल्यावाचून मागच्या बाजूस निघत असल्यामुळे आईबाप तिला दुधाचीच समजतात, तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात, आणि म्हणून कायमच्या दातांपैकी पुष्कळदा तीच आधी गमावली जाते. दुखू लागल्यावर ती वाचवायची तर रूट कॅनाल आणि त्यावरील कॅप मिळून खासगी दवाखान्यात साधारण सहा ते बारा हजार रुपये पडतात, आणि काढून टाकायची तर काही शे रुपयांत किंवा फार तर हजार-दीड हजारांत काम होते. साहजिकच हातावर पोट असलेला मनुष्य ती काढून घेतो आणि आपण पैसे वाचविले असे मानतो. वास्तविक त्या दिवशी वाचलेली रक्कम ही पुढील पंचवीस-तीस वर्षांच्या खर्चाची उचल असते, आणि ही गोष्ट त्याला त्या खुर्चीवर बसलेला असताना कोणी आकड्यांत सांगत नाही.

दाढ गेल्यानंतर तीन मार्ग उरतात. पहिला, काढघालीच्या दाताचा: ॲक्रिलिकच्या लहानशा पट्टीवर एक दात, किंमत हजार-दोन हजारांपासून पुढे, स्वस्त, पण बोजड, आणि पुष्कळांच्या बाबतीत महिन्याभरात डबीत जाऊन पडणारा. दुसरा, ब्रिजचा: रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात कोरून त्यांवर एकसंध तीन कॅपा बसवावयाच्या, धातूवर सिरॅमिक चढविलेला असेल तर साधारण दहा ते पंचवीस हजार, झिर्कोनियाचा असेल तर त्याहून बराच अधिक. तिसरा, इम्प्लांटचा: हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून, तो हाडाशी एकजीव होण्यासाठी तीन ते सहा महिने थांबून, मग त्यावर कॅप, एका दाताचा खर्च कॅपेसह साधारण पंचवीस ते पन्नास हजार, मोठ्या शहरांत आणि विलायती कंपनीचा स्क्रू घेतल्यास त्याहूनही पुढे.

हे आकडे एकाखाली एक लिहिले म्हणजे ब्रिज हा शहाणपणाचा मध्यम मार्ग वाटतो, आणि मध्यमवर्गीय कुटुंबे तो विश्वासाने स्वीकारतात. पण ब्रिजच्या किमतीत एक रक्कम लिहिलेली नसते, ती म्हणजे शेजारच्या दोन निरोगी दातांचे कोरून काढलेले कवच. दातावरील इनॅमल एकदा गेले की शरीर ते पुन्हा निर्माण करीत नाही. उत्तम ब्रिज दहा-पंधरा वर्षे टिकतो, काही त्याहून अधिक. परंतु त्याच्या कडेखाली कीड शिरली तर आधाराचा दात निकामी होऊ शकतो, आणि मग एका दाताच्या जागी दोन-तीन दातांची पोकळी भरण्याचा प्रसंग येतो. शेजारचे दात आधीच किडलेले, पूर्वी मोठे भरलेले असतील, त्यांना कॅपेची गरज असेलच, तर ब्रिज हाच योग्य उपाय. मात्र शेजारचे दोन्ही दात अव्यंग असतील तर केवळ आजचे दहा-पंधरा हजार वाचविण्यासाठी त्यांचा बळी देणे मला सर्वथा अयोग्य वाटते. तसा पैसा हाताशी नसेल, तर काही काळ काढघालीचा दात वापरून इम्प्लांटसाठी रक्कम साठवणे हे त्यापेक्षा अधिक विवेकाचे.

इम्प्लांटविषयी आपल्याकडे एकीकडे अवास्तव भय आणि दुसरीकडे अवास्तव जाहिरात, अशी स्थिती आहे. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकाच्या आरंभी, सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत असता, हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण काढू म्हटले तरी निघेना, इतके ते हाडाशी जडून गेल्याचे आढळले. त्या निरीक्षणातून १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाला दातांचे इम्प्लांट बसविले गेले आणि त्या रुग्णास त्या इम्प्लांटांनी सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, साथ दिली. नीट निवडलेल्या आणि नीट निगा राखलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक इम्प्लांट टिकून असतात, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखविले आहे. परंतु धूम्रपान करणारा, मधुमेह आटोक्यात नसलेला, किंवा हिरड्यांच्या रोगावर उपचार न केलेला रुग्ण या हिशेबात बसत नाही. त्याच्या इम्प्लांटभोवतीचे हाडही दातांभोवतीच्या हाडाप्रमाणेच झिजू शकते. जाहिरातीत छापलेला आकडा तर पुष्कळदा केवळ स्क्रूचा असतो. त्यावरील जोडखांब, कॅप, स्कॅन, आणि हाड कमी असल्यास ते भरण्याचा खर्च, या बाबी पुढे एकेक करून समोर येतात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी एकूण खर्चाचा तपशील लेखी मागावा, आणि बसविलेल्या स्क्रूच्या कंपनीचे नाव, आकार व लॉट क्रमांक असलेली चिठ्ठी आपल्या दप्तरी जपून ठेवावी. दहा वर्षांनी गाव बदलले वा डॉक्टर बदलले, तर जुळणारा सुटा भाग त्या चिठ्ठीवाचून मिळणे दुरापास्त होते.

चौथाही एक मार्ग आहे, आणि त्याला काहीच खर्च नाही. नेदरलंड्समधील नाइमेखेन येथील दंततज्ज्ञ केझर यांनी १९८१ साली असे प्रतिपादिले की, पुढचे दात आणि त्यांमागील लहान दाढा वर-खाली जुळत असतील, तर मागच्या मोठ्या दाढा नसूनही प्रौढ माणसाचे खाणे-बोलणे समाधानकारक चालू शकते. त्यानंतर तोंडात किमान वीस कार्यक्षम दात टिकविणे हे ध्येय सर्वत्र मान्य होत गेले, आणि जपानने तर १९८९ पासून ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ ही राष्ट्रीय मोहीम चालविली. सबब, अगदी मागची एखादी दाढ गेली आणि चावण्यास अडचण नसेल, तर ‘येथे काही न करणेही चालेल’ हे वाक्य रुग्णाच्या कानी पडणे हा त्याचा हक्क आहे. जो दंतवैद्य हे वाक्य आपण होऊन उच्चारतो, त्याच्यावर बाकीच्या सल्ल्याबाबतही निःशंकपणे इतबार ठेवावा.

आता ज्याच्या तोंडाचे अगदी बोळके झाले आहे त्याचा विचार. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालच्या कवळीला मात्र टाळूसारखा आधार नाही, जीभ तिला सतत ढकलते, आणि दात काढल्यानंतर खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा अधिक झिजत जाते, म्हणून ‘कवळी बसत नाही’ ही तक्रार बहुधा खालच्याच कवळीविषयी असते. खासगी दवाखान्यात संपूर्ण कवळीस साधारण दहा ते तीस हजार रुपये लागतात, पाच-सात वर्षांनी ती बदलावी वा आतून पुन्हा भरून घ्यावी लागते. खालच्या जबड्यात केवळ दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकविणे हा अशा रुग्णांसाठी प्रथम पसंतीचा उपचार असावा, अशी शिफारस कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी केली होती. आपल्या खेड्यांतील वृद्धांना साधी कवळीही मिळत नाही, तेथे त्या शिफारशीची वार्ता कशाला, असे कोणी म्हणेल. पण म्हणूनच निदान साध्या कवळीची तरी तजवीज का नसावी, हा माझा प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कवळ्या विनामूल्य मिळू लागल्या आणि मागणीचा असा लोंढा आला की सरकार चकित झाले. वर्षानुवर्षे लोक दातांवाचून किंवा दुखऱ्या दातांनिशी दिवस काढीत होते, हे त्या गर्दीने सिद्ध केले. १९५१ मध्ये कवळी आणि चष्मे यांवर शुल्क बसविण्याचा निर्णय झाला तेव्हा ही सेवा उभारणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. कवळीच्या किमतीवरून मंत्रिपद सोडण्याइतका गंभीर तो विषय त्यांना वाटला, ही गोष्ट मला आजही आदरणीय वाटते.

आपल्याकडे केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांच्याबरोबर कृत्रिम दातांचाही अंतर्भाव आहे. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षे पूर्ण केलेल्या पात्र नागरिकांना एकवेळ तीन हजार रुपये मिळतात. तिच्या प्रसिद्ध यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा ही नावे आहेत, कवळीचे नाव नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कवळी अल्प दरात होते, विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली ती काळजीपूर्वक बनवितात. परंतु माप, दुसरे माप, चाव्याची नोंद, मेणातील दातांची चाचणी आणि अखेर कवळी, अशा चार-पाच खेपा तिच्यासाठी लागतात, आणि गडचिरोलीच्या म्हाताऱ्याला नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर पडते. एसटीत त्याला सवलत मिळाली तरी सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो, आणि तो बुडालेला रोज हीच त्या स्वस्त कवळीची खरी किंमत होऊन बसते.

तेव्हा मागणी साधी आहे. मुख्यमंत्री वयोश्रीच्या यादीत कवळीचे नाव घालावे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कवळी बनविणारा तंत्रज्ञ आणि त्याची प्रयोगशाळा यांची तरतूद करावी. आणि खासगी असो वा सरकारी, प्रत्येक दवाखान्यात दात काढण्यापूर्वी रुग्णाच्या हाती सर्व पर्यायांचा, काहीही न करण्यासह, पंधरा-वीस वर्षांचा खर्च लिहिलेला कागद देणे दंतवैद्यांनी आपला नियम करावा. आणि वाचकांना विनंती अशी की, घरात आईवडिलांनी भाकरी सोडून भात मागायला सुरुवात केली असेल, तर त्यांचे तोंड या आठवड्यात एकदा दंतवैद्याला दाखवून आणावे.