डिझेलचा हिशोब आहे, पापलेटचा नाही

बंदीचे दोन महिने यंदा लेकीकडे काढतोय, सिमरोलला. इंदूरहून खंडवा रस्त्याला लागलं की हे गाव येतं. डोंगर, सोयाबीनची शेतं आणि आयआयटीच्या मोठमोठ्या इमारती. दर्याचा वास नाही, भरती-ओहोटी नाही. तरी पहाटे चारला जाग येते आणि वारा कुठला आहे ते बघायला मी अंगणात जातो. बाजारात रोहू-कतला मिळतो. खातो बापडा, तक्रार कोणाकडे करणार!

नातू नववीत आहे. त्याला शाळेने प्रकल्प दिलाय, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा धंदा कसा बदलला ते आलेख काढून दाखवायचं. पोरगं वही घेऊन समोर बसलं.

"आजोबा, तुम्ही तांडेल झालात तेव्हा एका फेरीला पापलेट किती मिळायचं?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती किलो?"

"अरे, होडी भरायची."

"आणि मागच्या वर्षी?"

तेही मला सांगता येईना. मग त्याने वही मिटली आणि विचारलं, "मग कमी झालं हे तुम्हाला कसं माहीत?"

पन्नास वर्षं दर्यात काढलेल्या माणसाला हे विचारतो! आधी राग आला. रात्री झोप लागेना तेव्हा वाटलं, पोरगं बरोबर बोललं.

आपल्याकडे डिझेलचा हिशोब लिटरपर्यंत असतो, कारण त्यावर परतावा मिळतो. बर्फाची पावती असते, खलाशांच्या उचलीची वही असते. पण मासळी? सोसायटीच्या काट्यावर आली तेवढी लिहिली जाते. बाकीची बंदरावरूनच व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढते. काट्यावर येते तिचंही वजन लिहितो, माप कोणी लिहीत नाही. मी स्वतः दोन वेळा सोसायटीच्या कमिटीत होतो. तेव्हा हे सुचलं नाही, की सुचूनही कंटाळा केला, आता काय सांगू.

सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. आपल्या सातपाटीकरांची ती जुनी मागणी होती. त्याच सुमारास 54 जातींच्या मासळीची कमीत कमी लांबी ठरवून दिली. पापलेटची 135 मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडं जास्त. त्याहून लहान पकडायचं नाही. चांगलं केलं. पण आपल्या जाळ्यात त्याहून लहान किती येतं, कुठल्या महिन्यात येतं, कुठल्या आसाच्या जाळ्यात येतं, हे आपल्यातला एक नाखवा तरी कागद दाखवून सांगेल का? पर्ससीनवाल्यांवर, एलईडीवाल्यांवर बोट दाखवतो ते खरंच आहे, त्यांनी वाट लावली. पण आपल्या टोपलीत तळहाताएवढी पिल्लं मी डोळ्यांनी पाहिलीत. विकलीतही.

एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मच्छीमारीला शेतीचा दर्जा दिला. पेढे वाटले, फटाके फोडले. आता शेतकऱ्यासारखं कर्ज, विमा मागायला जाल तेव्हा बँकवाला विचारणार, उत्पन्न किती? तिथे "भरपूर" म्हणून चालणार नाही. आणि वाढवणचं काय? 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली. आपला विरोध होता आणि आहे. पण उद्या कोणाचं किती नुकसान झालं हे मोजायला साहेब लोक बसतील, तेव्हा आपल्या बाजूने काय ठेवणार? म्हाताऱ्यांच्या आठवणी?

इथे शेजारी एक गृहस्थ आहेत, होशंगाबादकडचे. त्यांच्याकडून तवा धरणाची गोष्ट कळली. धरणात गावं गेलेल्या आदिवासींनी लढून 1996 मध्ये त्याच पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला आणि तवा मत्स्य संघ काढला. म्हणजे ठेकेदाराला बाजूला सारून विक्री आणि हिशोब स्वतःच्या हातात घेतला. दहा वर्षं चालवला. पुढे वाघांच्या जंगलाचं कारण निघालं आणि 2006 च्या अखेरीस हक्क गेला. म्हणजे हिशोब ठेवला की सगळं वाचतं असं मी म्हणत नाही. पण हिशोब हातात असलेल्या माणसाला निदान भांडता तरी येतं.

काही जण म्हणतील, लिहिलं की इन्कमटॅक्सवाले मागे लागतील. ही भीती मलाही होती. म्हणून सुरुवातीला वही नाखव्याच्या घरातच राहू दे, सोसायटीने फक्त एकूण आकडा घ्यावा. जास्त लिहायचं नाही. तारीख, किती वाव पाण्यात जाळं टाकलं, जाळ्याचा आस, एकूण किलो, पापलेटचे नग आणि त्यातले 135 च्या आतले किती. बोटीवर दहावी झालेला एक तरी पोरगा असतो, मोबाइल बघायला वेळ असतो तसा याला पाच मिनिटं मिळतील. मापाला लाकडाच्या पट्टीवर एक खाच पुरे.

नातवाने आलेखात 1975 ते 2024 ची जागा कोरी सोडली आणि खाली लिहिलं, "माहिती उपलब्ध नाही." बाईंनी ते चालवून घेतलं म्हणे. त्यानेच मला दोन वह्या आखून दिल्यात, रकाने पाडून. 1 ऑगस्टच्या आधी मी घरी पोचतोय. एक वही आमच्या बोटीवर जाईल. दुसरी कोणाला हवी ते खाली लिहा.