माशा, माकडं आणि महाभारत

नोव्हेंबर १९५४ मध्ये क्योतो विद्यापीठातल्या मोरी श्युइची या प्राध्यापकांनी काही फळमाशा अंधारात ठेवल्या. फळमाशा म्हणजे केळी जास्त पिकली की घरभर होतात ती चिलटं. प्रश्न साधा होता: पिढ्यानपिढ्या उजेडच दिसला नाही तर या जिवाचं काय होतं? मोरी निवृत्त झाले, मागून आलेल्यांनी बाटल्या बदलणं चालू ठेवलं. २०१२ मध्ये या माशांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला, तोवर चौदाशेवर पिढ्या होऊन गेल्या होत्या. माणसांच्या हिशेबात ही पस्तीस हजार वर्षं होतात. डोळे गेले असतील असं आपल्याला वाटतं, पण ते शाबूत आहेत. उजेड दाखवला तर माशा तिकडे धावतातही. फक्त अंधारात त्यांची वीण साध्या माशांपेक्षा चांगली होते.

निष्कर्षापेक्षा मला अप्रूप वाटतं ते बाटल्या बदलणाऱ्यांचं. दुसऱ्याच्या डोक्यातला प्रश्न त्यांनी अर्धशतकाहून जास्त काळ सांभाळला.

कानसाईतल्या आपल्या मंडळींना क्योतो विद्यापीठ म्हटलं की नोबेल आठवतं. ती यादी सगळ्यांना पाठ आहे, इथे नको. त्याच विद्यापीठात लाकडाचा उपग्रह बनला. दहा सेंटिमीटरची पेटी, होनोकी नावाच्या मॅग्नोलियाच्या लाकडाची, स्क्रू नाही की गोंद नाही, कारागिरांनी खाचेत खाच बसवून जोडलेली. सामुराईंच्या तलवारींची म्यानं याच लाकडाची असत. धातूचा उपग्रह वातावरणात परतताना जळतो आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कण मागे ठेवतो, लाकूड जळून जातं, असा त्यामागचा विचार. २०२४ च्या अखेरीस ही पेटी अंतराळात गेली.

आणि माकडं. याच विद्यापीठातल्या इमानिशी किंजी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९४८ पासून क्यूशूकडच्या माकडांचा पिच्छा पुरवला. प्रत्येक माकडाला नाव दिलं, कोण कोणाचं पोर हे टिपून ठेवलं, थोडक्यात माकडांचे कुलवृत्तांत लिहिले. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी आधी नाकं मुरडली, नंतर तीच पद्धत उचलली. १९५३ मध्ये कोशिमा बेटावर इमो नावाची दीड वर्षाची मादी वाळूने माखलेलं रताळं पाण्यात धुऊन खाताना दिसली. ते पहिल्यांदा पाहिलं मितो सात्सुए या स्थानिक शाळामास्तरीणबाईंनी. मग इमोच्या सवंगड्यांनी ते उचललं, तिच्या आईने उचललं. वयस्कर नर मात्र बहुतेक वाळूसकटच खात राहिले. (मंडळातल्या काकांनी मनाला लावून घेऊ नये.)

आपल्या जिव्हाळ्याचाही एक धागा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, याचा आपल्याला अभिमान असतोच. ती संहिता संगणकात उतरवली क्योतोच्या तोकुनागा मुनेओ यांनी. केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती पुढे तपासून दुरुस्त केली. आज कुठलाही अभ्यासक चिकित्सक आवृत्तीतला एखादा शब्द क्षणात शोधतो, तो या खटाटोपामुळे.

सगळं गोडगोड आहे असं मात्र नाही. २००४ मध्ये जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांची कायदेशीर रचना बदलली आणि त्यानंतर बरीच वर्षं सरकारी अनुदान दरसाल एक टक्क्याच्या आसपास घटत गेलं. जून २०१५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने पत्र काढलं: मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे विभाग बंद करता येतील का, की समाजाला जास्त गरजेच्या विषयांकडे वळवता येतील, ते पाहा. गदारोळ झाला, मग गैरसमज झाल्याची सारवासारव. त्या वेळी क्योतोचे अध्यक्ष होते यामागिवा ज्युइची, ज्यांची हयात गोरिलांच्या अभ्यासात गेली. त्यांना तोंडावर ‘गोरिलांचा उपयोग काय’ असं कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. पण ज्यांच्या कामाचा उपयोग शेंबड्या पोरालाही कळावा, त्या यामानाका शिन्यांनाही २०१२ मध्ये, नोबेलच्या काही महिने आधी, मूळपेशींच्या संस्थेसाठी देणग्या जमवायला क्योतो मॅरेथॉन धावावी लागली. मग माशांच्या बाटल्या बदलणाऱ्याने कुणाकडे पाहायचं?

हे आपल्या वार्तापत्रात कशाला? कारण गणपतीत प्रसादाच्या रांगेत नवा विद्यार्थी भेटला की आपण विचारतो, “कशात पीएचडी?” उत्तर जरा वेगळं आलं की पुढचा प्रश्न तयार: “मग जॉबचं काय?” काळजीपोटी विचारतो, मान्य. पण पोरं शहाणी असतात. पुढच्या वेळी “बायोमध्ये आहे, काका” म्हणून मोदक घेऊन सटकतात, आणि आपल्यातच कोण काय शोधतंय याचा आपल्याला पत्ता नसतो.

म्हणून या अंकापासून ‘माझा विषय’ हे सदर सुरू करत आहोत. सहाशे शब्द, साधं मराठी, आणि प्रयोगशाळेतला किंवा ग्रंथालयातला एखादा फोटो. विषय कुठलाही चालेल, अर्धवट राहिलेला प्रयोगही चालेल. पहिला लेख याच अंकात आहे. जुन्या देवळांच्या लाकडाला लागणाऱ्या बुरशीवर काम करणाऱ्या आपल्या एका सदस्येने तो लिहिला आहे. वाचून प्रश्न पडले तर ती कोजागिरीला येणार आहे. दूध आटेपर्यंत गप्पांना भरपूर वेळ असतो.