बोलत का नाहीत?

मागच्या महिन्यात मामेभावाच्या मुलाची मुंज झाली. जेवणं उरकली, सतरंज्या पसरल्या, पंखे मोठे झाले आणि गप्पा सुरू झाल्या. कांद्याच्या भावापासून निघालेली गाडी फिरत फिरत नेहमीच्या स्टेशनावर आली. मामा म्हणाले, "अगं, सगळे मुसलमान तसे नसतात, एवढं मलाही कळतं. पण मग जे चांगले आहेत, ते बोलत का नाहीत?"

मी तेव्हा काही बोलले नाही. ताक वाढायला उठले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. (मामा, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. रागावू नका. प्रश्न तुमचा एकट्याचा नाही, माझाही होता.)

पहिली गोष्ट म्हणजे ते बोलले होते. आपण विसरलो.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, त्यात नऊ अतिरेकी मारले गेले. त्यांना दफन करण्यासाठी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला. निरपराध माणसांना मारणारे मुसलमान नव्हेत, असं त्यांचं म्हणणं होतं. जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात ते मृतदेह वर्षाहून जास्त काळ पडून होते. शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुपचूप पुरले, आणि आपल्याला ते काही महिन्यांनी कळलं.

हे आपल्याला साधं वाटतं, पण नाही. मुसलमानाच्या मयतीला माती देणं हे सगळ्या जमातीवरचं कर्तव्य मानतात. चार जणांनी केलं तर बाकीचे सुटले, कुणीच केलं नाही तर सगळ्यांना दोष. असं कर्तव्य नाकारणं म्हणजे पत्रक काढण्यापेक्षा कितीतरी मोठं बोलणं. त्या वर्षीची बकरी ईद हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांनी आली. तेव्हा दंडाला काळ्या फिती लावून नमाजाला गेलेली माणसं मी टीव्हीवर पाहिली होती. हल्ल्यात सीएसटीवर मेलेल्यांत मुसलमानही होते, हेही आपल्या पटकन लक्षात येत नाही.

बरं, पुढारी आणि ट्रस्टी सोडा. साधा माणूस काय मानतो? अंदाज बांधण्यापेक्षा ज्यांनी विचारून पाहिलं त्यांचं ऐकावं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१३ मध्ये ३९ देशांतल्या ३८,००० हून अधिक मुसलमानांच्या मुलाखतींचा अहवाल काढला. इस्लामच्या रक्षणासाठी सामान्य नागरिकांवर आत्मघाती हल्ले करणं कधी योग्य ठरतं का, असा एक प्रश्न होता. बहुतेक देशांत बहुसंख्य लोकांनी ते चूक म्हटलं. पण सगळीकडे नाही, आणि हे लपवून काही मिळवायचं नाही. अफगाणिस्तानात ३९ टक्के आणि पॅलेस्टाइनमध्ये ४० टक्के लोकांनी असे हल्ले कधीकधी तरी योग्य असल्याचं सांगितलं. हे दोन्ही युद्धात होरपळलेले प्रदेश, असं म्हणता येईल. पण इजिप्तमध्ये २९ आणि बांगलादेशात २६ टक्के? त्याला ते उत्तर पुरत नाही. आकडा टोचतो, आणि टोचू द्यावा.

मला खरा धक्का दुसऱ्या एका जोडीने दिला. देशात शरियतचा कायदा असावा असं पाकिस्तानातले ८४ टक्के मुसलमान म्हणाले, तुर्कस्तानातले फक्त १२ टक्के. म्हणजे हिंसेला पाठिंबाही पाकिस्तानात कितीतरी जास्त असणार, नाही का? तर पाकिस्तानात १३ टक्के आणि तुर्कस्तानात १५! आपण मनात एक शिडी उभी केलेली असते. नमाज, मग दाढी, मग शरियत, मग बॉम्ब. जो जितका धार्मिक, तो तितका वरच्या पायरीवर. ही शिडी या दोन देशांत तरी नाही. माणूस कर्मठ असू शकतो आणि हिंसा त्याला मनापासून नकोशी असू शकते. आमची आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची, पण तिने कधी मुंगीसुद्धा मारली नाही. हे आपल्याला आपल्या घरात कळतं, दुसऱ्याच्या घरात कळत नाही.

त्या पाहणीत भारत नव्हता. भारतातली मोठी पाहणी प्यूने २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला केली, अहवाल २०२१ मध्ये आला. जवळपास ३०,००० लोकांशी ते बोलले. भारतीय असल्याचा खूप अभिमान वाटतो असं ९५ टक्के मुसलमान म्हणाले. ७७ टक्के मुसलमान कर्मावर विश्वास ठेवतात, आणि हिंदूही नेमके तितकेच! पण आपले वाद शरियत न्यायालयातही सोडवता यावेत असं ७४ टक्के म्हणतात. मुलींनी धर्माबाहेर लग्न करू नये, ते थांबवणं फार महत्त्वाचं, असं ८० टक्क्यांना वाटतं. मला यातलं काही पटत नाही. फक्त हिंदूंमध्येही लग्नाबद्दल असंच वाटणारे ६७ टक्के आहेत, तेव्हा मान वळवून आधी आपल्या घरात बघावं लागतं.

आणि तोंडी तलाक? पुरुषाला तीनदा तलाक म्हणून बायकोला सोडता येऊ नये, असं ५६ टक्के मुसलमान म्हणाले. १९६६ मध्ये चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर याच मागणीसाठी मोर्चा काढला तेव्हा त्यात सात बायका होत्या. फक्त सात. त्याही बोलत होत्या, मामा. ऐकायला फार कुणी नव्हतं.

असो. आता जे सांगायचंय ते सांगते, कारण त्याशिवाय हे सगळं दुसऱ्याला शहाणपण शिकवणं होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचा होता. घेणारं कुटुंब मुसलमान. तो बँकेत, ती शाळेत शिक्षिका, एक मुलगी. तातडीची मीटिंग बोलावली गेली. कुणी वाईट बोललं नाही. "आपल्याला काही प्रॉब्लेम नाही, पण..." एवढंच सगळे म्हणत होते. मटणाचा वास, पाहुण्यांची वर्दळ, पुढे रीसेलचा भाव. अर्ध्या तासात ठरलं, विकणाऱ्याला 'समजावून' सांगायचं. मला हे चूक वाटत होतं. मी बोलले नाही. म्हटलं, रोज लिफ्टमध्ये यांचीच तोंडं बघायची आहेत, कशाला वाईटपणा घ्या? ते कुटुंब परत आलं नाही. ती मुलगी खाली झोपाळ्यावर बसली होती, आईबाबा वर घर बघत होते, एवढंच मला आठवतं.

प्यूच्या त्याच पाहणीत ३६ टक्के हिंदूंनी मुसलमान शेजारी नको म्हटलं होतं. म्हणजे ६४ टक्क्यांनी तसं म्हटलं नव्हतं. आमच्या मीटिंगमध्येही ते ६४ टक्के असणारच. माझ्यासारखेच, खुर्चीत, मोबाइलकडे बघत.

तर मामा, साधी माणसं बोलत का नाहीत, याचं उत्तर मला माझ्याच सोसायटीत मिळालं. ती घाबरतात, कंटाळतात, वाईटपणा टाळतात. त्यांना रोज त्याच जिन्याने वर जायचं असतं. त्यात धर्माचा काही संबंध नाही. फरक इतकाच, की माझ्या गप्प बसण्याचा जाब मला आजवर कुणी विचारला नाही.

पुढच्या वेळी सोसायटीत मीटिंग झाली, की मी बोलेन असं ठरवलंय. जमेल का, माहीत नाही. जमलं नाही तर तेही इथेच लिहीन.