इंजिनाचे कुलूप कोणाच्या हाती?

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट मोटारीची परीक्षा घेतो. बारा-तेरा किलोमीटरांत गाडी सुमारे सहाशे मीटर वर जाते आणि तेवढ्यात हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ होते. कार्बोरेटरच्या काळात माथा जवळ येईल तसतसे पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने जास्त होई, इंजिन गुदमरल्यासारखे चाले आणि मागून काळा धूर निघे. आज हवेचा दाब मोजणारा बोटाएवढा सेन्सर हा फरक क्षणोक्षणी नियंत्रक संगणकाला कळवतो, संगणक इंजेक्टर त्या मानाने कमी वेळ उघडा ठेवतो आणि चालकाला यातले काही कळतही नाही. हा विज्ञानाचा निःसंशय विजय आहे. प्रश्न उद्भवतो तो हाच सेन्सर बारा-पंधरा वर्षांनी निकामी झाल्यावर.

मोटार म्हणजे श्रीमंतांची चैन, तिच्या सेन्सरशी आपल्या चळवळीला काय कर्तव्य, असे काही कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. हे समीकरण आता जुने झाले. नवी मोटार पुण्या-मुंबईत आपल्या उमेदीची वर्षे काढते आणि उरलेला जन्म वाई, कोरेगाव, खटाव, तासगाव अशा गावांत कंठते. तिचा तिथला मालक पर्यटकांना महाबळेश्वर दाखवणारा टॅक्सीवाला असतो, शाळेची मुले ने-आण करणारा असतो, स्ट्रॉबेरीची खोकी बाजारात पोचवणारा असतो. त्याच्या लेखी गाडी हे उत्पादनाचे साधन आहे. ते ऐन हंगामात आठ दिवस बंद पडले तर घरातली चूलच अडते. म्हणून या साधनावर खरी सत्ता कोणाची हा प्रश्न आपल्या विचाराच्या कक्षेबाहेरचा नाही.

आपल्या भागातली कारागिरी दुरुस्तीतून वाढली, याचे येथे स्मरण करणे अस्थानी होणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९१० साली कुंडलच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये सरकारी विकास महामंडळ आणि बजाज भागीदार होते. त्या कंपनीच्या साताऱ्यातील कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर रस्त्यावर आली. तिचा कार्बोरेटर खोलून, पेट्रोलने धुऊन परत बसवणे हे तालुक्याच्या गावातल्या होतकरू मुलाला सहा महिन्यांत साधे. डिझेल इंजिनाचेही तसेच. जुन्या यांत्रिक पद्धतीत पंप ठरावीक दाबाने डिझेल ढकलतो आणि तो दाब दोनशे वातावरणांच्या आसपास पोचला की स्प्रिंग मागे सरून नोझल उघडते. मिस्त्री ते नोझल हातपंपाच्या टेस्टरवर लावतो, दांडी दाबतो आणि फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते हे डोळ्यांनी पाहतो. धार लागली तर नोझल बदलायचे. निदान डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई आणि म्हणून ते शिकताही येई.

आता कॉमन-रेल डिझेलचे पाहू. यात दाब सोळाशे ते दोन हजार वातावरणांपर्यंत जातो. नोझलची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात आणि इंजेक्टर किती क्षण उघडा राहावा हे संगणक हजारांश सेकंदाच्या हिशेबाने ठरवतो. त्यासाठी त्याला क्रँक कोणत्या कोनात आहे, इंजिन किती तापले, हवा किती आली, रेलमध्ये दाब किती आहे हे सेन्सरांकडून सतत कळावे लागते. इंजेक्टरांतले सूक्ष्म फरक कारखान्यातच मोजले जातात आणि पुष्कळ गाड्यांत इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. नवा इंजेक्टर बसवला की तो क्रमांक संगणकाला कळवावा लागतो, अन्यथा इंजिन आडवेतिडवे चालते आणि धूर सोडते. म्हणजे इंजेक्टर काढणे-घालणे, त्याखालचा तांब्याचा वॉशर बदलणे, बैठकीतला कार्बन खरवडणे ही सारी कामे वाईचा मिस्त्री उत्तम करील. शेवटचे पाऊल मात्र त्याच्या हातात नाही. त्याला योग्य स्कॅनर हवा, त्या स्कॅनरला कंपनीने परवानगी दिलेली हवी आणि वायरिंगचा नकाशा हवा. हे तिन्ही ज्याच्याजवळ आहे तोच गाडीचा खरा धनी, नोंदणीपुस्तकावर नाव कोणाचेही असो.

याचा परिणाम रोज दिसतो. ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो, गाडी मिसिंग मारते, घाटात पिकअप जातो. मिस्त्रीजवळ असलेला स्वस्त स्कॅनर एक क्रमांक दाखवतो. तो क्रमांक म्हणजे रोगाचे नाव असे मानले जाते. वस्तुतः ते केवळ लक्षण असते. ऑक्सिजन सेन्सरचा क्रमांक आला म्हणजे सेन्सर बिघडला असे नव्हे. सायलेन्सरला चीर असेल, एखादा इंजेक्टर गळत असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल. पण पुढचे निदान करण्याची माहिती नसल्यामुळे ‘सेन्सर बदलून बघू’ हे सूत्र चालू होते. एक सेन्सर झाला, दुसरा झाला, मग चारही इंजेक्टर. जुन्या गाडीच्या बाजारभावाचा मोठा हिस्सा यात जातो आणि अखेरीस दोष निघतो तो गंजलेल्या अर्थिंगच्या वायरीत. पाचगणी-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात कपलरमध्ये ओल शिरते हे ज्याला माहीत आहे तो आधी कपलर उघडून पिना पाहतो. असे मिस्त्री आहेत. त्यांच्याजवळ जे आहे ते त्यांनी कोणत्याही पुस्तकाविना मिळवलेले आहे, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

निदानाच्या साध्या रीती आहेत आणि त्या महागही नाहीत. चारही इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडाव्यात आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे. ज्या बाटलीत इतरांहून कितीतरी अधिक डिझेल साठले, तो इंजेक्टर आतून झिजला. चार बदलण्याऐवजी एक बदलून भागते. तापमानाचा सेन्सर तपासण्यास साधा मल्टिमीटर आणि गरम पाण्याचे भांडे पुरे. पाणी तापेल तसा त्याचा विद्युत्‌रोध उतरत गेला पाहिजे. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो, म्हणून तो गार असताना तपासून ‘चांगला आहे’ म्हणणे व्यर्थ. पण कोणत्या तापमानाला किती रोध अपेक्षित, कोणत्या पिनेवर किती व्होल्ट यायला हवेत, हे आकडे कंपनीच्या दुरुस्तीग्रंथात असतात आणि तो ग्रंथ कुलुपात असतो. वीस रुपयांच्या वायरीचा दोष हजारो रुपयांचा होतो तो या कुलुपामुळे.

हे केवळ आमचे म्हणणे नव्हे. २०११ च्या जानेवारीत शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे मोटार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. कंपन्या सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक माहिती आपल्या अधिकृत केंद्रांबाहेर जाऊ देत नाहीत, असा तिचा आशय होता. चौकशीअंती २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना दोषी धरून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत देशी होत्या, विदेशी होत्या. या बाबतीत राष्ट्रीय भांडवल आणि परकीय भांडवल यांच्यात काडीचाही मतभेद आढळला नाही. सुटे भाग व निदानसाधने खुल्या बाजारात उपलब्ध करावीत, स्वतंत्र गॅरेजांना आडकाठी करू नये आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे आयोगाचे आदेश होते. तीन कंपन्यांच्या अपिलांवर २०१६ साली अपिलीय न्यायाधिकरणाने दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, दंडाची मोजणी मात्र सौम्य केली. आणि दंडाचा वाद त्यानंतरही न्यायालयांत रेंगाळत राहिला. आदेशाचा आत्मा गॅरेजपर्यंत पोचलाच नाही. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, डिसेंबरात एक संकेतस्थळही उघडले. कंपन्यांनी आपणहून तेथे माहिती द्यावी अशी ती योजना आहे. ज्याच्याजवळ किल्ली आहे त्यालाच कुलूप उघडण्याची विनंती करणे, यास कायदा म्हणत नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली जनमताच्या बळावर असा कायदा केला. युरोपीय संघाने तर २००७ च्या नियमानेच स्वतंत्र दुरुस्तीकारांना माहिती देणे बंधनकारक केले. तेथील भांडवलदार त्यामुळे भिकेला लागले नाहीत.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, बाजारात बनावट भाग फार आहेत, अर्धवट ज्ञानाने काम केल्यास प्रदूषण वाढेल, चोरीविरोधी यंत्रणेची माहिती चोरांच्या हाती जाईल. तिसरा मुद्दा खरा आहे आणि तेवढी माहिती राखून ठेवण्यास कोणाची हरकत नसावी. पहिल्या मुद्द्याविषयी एवढेच की, अस्सल भाग उघड बाजारात वाजवी दराने मिळत नाही तेव्हाच बनावट भागाला गिऱ्हाईक मिळते. दुसरा मुद्दा तर त्यांच्यावरच उलटतो. ज्याला सेन्सर बदलणे परवडत नाही तो गाडी मोडीत काढत नाही. तो दिवा तसाच जळू देतो, किंवा कोणी त्या दिव्याचा बल्बच काढून देतो, आणि गाडी धूर ओकत घाट चढत राहते. दुरुस्ती आवाक्यात आणणे हा हवा शुद्ध ठेवण्याचाच मार्ग आहे. कार्बोरेटरच्या जमान्यात परत जावे असे येथे कोणी सुचवत नाही. त्या धुराची आठवण ज्यांना आहे ते तरी सुचवणार नाहीत.

सरकारी धोरणाचा रोख मात्र जुनी गाडी दुरुस्त होण्यापेक्षा ती रस्त्यावरून जाण्याकडे आहे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. त्यातच इंधन बदलले. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की, पूर्वीच्या इंधनासाठी बनवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज अशा पेट्रोलवर सहा-सात टक्क्यांनी घटेल. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ साली मान्य केले, अर्थात तो खर्च किरकोळ असल्याची पुस्ती जोडून. सातारा-सांगलीच्या उसाला इथेनॉलमुळे आधार मिळत असेल तर तो हवाच. पण ऊस घालणारा भाऊ आणि टॅक्सी चालवणारा भाऊ येथे एकाच घरात राहतात, आणि एकाच्या लाभाचा भुर्दंड दुसऱ्याच्या इंजेक्टरच्या सीलवर पडत असेल तर त्याचा हिशेब मांडताना त्याला विचारले पाहिजे होते.

आणखी एक गोष्ट वाईतच बोलली पाहिजे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश या गावात घडला. आधुनिक विज्ञान मराठीत सांगता येते, ही त्यामागची श्रद्धा होती, आणि त्याच्या खंडांत ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ ही नोंद आहे. त्याच गावातल्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाला सेन्सरच्या निदानाची मराठीत लिहिलेली एक पुस्तिका मिळू नये, ही विसंगती बोचते. तो मुलगा मोबाइलवर हिंदी चित्रफिती पाहून शिकतो. त्या चित्रफिती बनवणाऱ्या अनाम मिस्त्रींचे उपकारच आहेत, पण ती शिक्षणव्यवस्था नव्हे.

तेव्हा मागणी करायची ती नेमकी करावी. स्पर्धा आयोगाचा २०१४ चा आदेश कायद्याच्या रूपाने यावा: विकलेल्या प्रत्येक मोटारीचा दुरुस्तीग्रंथ, वायरिंगचा नकाशा आणि संकेतांक भरण्याची सोय स्वतंत्र गॅरेजला वाजवी शुल्कात मिळालीच पाहिजे, आणि मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन कंपनीवर असले पाहिजे. हे दिल्लीचे काम आहे आणि त्याला वेळ लागेल. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र लगेच करण्यासारखे पुष्कळ आहे. साताऱ्याच्या आयटीआयमध्ये इंजेक्टर तपासण्याचे टेस्ट-बेंच असावे आणि ते संध्याकाळी बाहेरच्या मिस्त्रींना भाड्याने वापरता यावे. वाईतल्या दहा-बारा गॅरेजवाल्यांनी मिळून सर्व बनावटींच्या गाड्यांना चालणारा एक चांगला स्कॅनर घ्यावा. एकट्याला न पेलणारा खर्च वाटून घेता येतो, हे या जिल्ह्याच्या सहकाराला शिकवायला नको. उसाच्या आणि घराच्या कर्जाचे अर्ज मंजूर करणाऱ्या पतसंस्थांपुढे स्कॅनरसाठीचा असा एकत्रित अर्ज ठेवायला आपल्या तालुका शाखेने येत्या बैठकीत दोन कार्यकर्ते नेमून द्यावेत, आणि त्यांपैकी एक तरी स्वतः गॅरेजात काम करणारा असावा.